शहर वाढले की वाट लांबते

तुम्ही तालुक्याच्या गावी कसे जाता? पायी, सायकलने, एसटीने, की मोटारसायकलवर? आणि तुमचे आजोबा कसे जात होते?

दरवर्षी जून-जुलैत नवा वर्ग समोर आला की पहिल्या आठवड्यात मी मुलांना हाच प्रश्न विचारतो. मी ज्या महाविद्यालयात शिकवतो ते एका तालुक्याच्या ठिकाणी आहे. मुले आसपासच्या वीस-पंचवीस खेड्यांतून येतात. गेल्या वर्षी एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, अठरा किलोमीटरवरनं येतो. गाडीवर.” आमच्याकडे गाडी म्हटले की पूर्वी बैलगाडी समजत, आता मोटारसायकल समजायची. मी फळ्यावर हिशेब मांडला. जाऊन-येऊन छत्तीस किलोमीटर. एका लिटरला पन्नास किलोमीटर धरले, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत अठरा लिटर पेट्रोल. मुलगा हसला आणि म्हणाला, “सर, घरी दोन म्हशी आहेत. एक घरासाठी, एक माझ्या पेट्रोलसाठी.”

वर्ग हसला. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. एका म्हशीचे दूध एका पोराच्या वाटेत जळून जात होते. मग मी विचारले, “एसटी नाही का?” तो म्हणाला, “आहे ना सर. पण एसटी स्टँडला सोडते. कॉलेज तिथनं चार किलोमीटर.”

तर वाचकहो, सगळी गोष्ट त्या चार किलोमीटरांत आहे. आमचे महाविद्यालय पूर्वी जुन्या पेठेत, स्टँडपासून हाकेच्या अंतरावर होते. जागा अपुरी पडली, म्हणून ते गावाबाहेर नव्या रस्त्यावर नेले. तिथे जमीन स्वस्त मिळाली. संस्थेचा खर्च वाचला, हे खरेच. पण तो खर्च नाहीसा झाला नाही. तो शेकडो घरांत वाटला गेला आणि रोज पेट्रोलच्या रूपाने फिटू लागला. गावे आणि शहरे वाढतात तेव्हा हेच घडते, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. ते कसे घडते, हे आज आपण थोडे आकडे घेऊन समजून घेऊ.

आधी वाहनांचा हिशेब पाहू. शक्ती कोणतीही असो, ती मोजण्याचे माप एकच ठेवता येते. अन्नातली शक्ती आपण कॅलरीत मोजतो. पेट्रोलचीही तशीच मोजू. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे ८,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. मोठ्या माणसाच्या तीन-चार दिवसांच्या जेवणाइतकी ही शक्ती झाली. आता एक माणूस एक किलोमीटर नेण्यास काय लागते ते पाहा. चालत गेला तर सुमारे ५० किलोकॅलरी. सायकलवर गेला तर त्याच्या निम्मी, म्हणजे २५च्या आसपास. मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर देत असेल, तर १६०. मोटारीत एकटाच बसला आणि मोटार लिटरला सोळा किलोमीटर देत असेल, तर ५००. चौघे बसले तर प्रत्येकी १२५.

आता एसटी घ्या. डिझेलच्या एका लिटरमध्ये साधारण ८,६०० किलोकॅलरी असतात. गाडी लिटरला पाच किलोमीटर धावते असे धरले, तर किलोमीटरला १,७२० किलोकॅलरी झाल्या. आकडा मोठा दिसतो. पण आत चाळीस माणसे बसली असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला फक्त ४३ येतात. म्हणजे भरलेली एसटी चालणाऱ्या माणसापेक्षाही स्वस्त पडते! मात्र त्याच गाडीत दहाच माणसे असतील, तर प्रत्येकी १७२ येतात. ती मोटारसायकलपेक्षाही महाग झाली. यात बोध काय? वाहन मोठे असणे पुरेसे नाही, ते भरलेले असले पाहिजे. आणि ते भरण्यासाठी माणसे एका वाटेवर, चालत येण्याजोग्या अंतरावर राहत असली पाहिजेत.

आगगाडी याहूनही काटकसरी. का? बैलगाडी चिखलातून ओढायला किती जोर लागतो आणि कठीण वाटेवर किती, हे तुम्हांला मी सांगायला नको. रबरी टायर प्रत्येक फेऱ्यात थोडा दबतो आणि पुन्हा फुगतो. त्यात शक्ती खर्च होते. लांबून आलेल्या गाडीच्या टायरला हात लावा, तो गरम लागेल. पोलादी रुळावरचे पोलादी चाक जवळजवळ दबतच नाही. म्हणून तेवढेच वजन रुळावर ओढायला रस्त्याच्या साधारण एकदशांश जोर पुरतो. शिवाय मुंबईच्या नव्या लोकल गाड्यांत अशी सोय आहे की, गाडी थांबवताना मोटर उलट जनित्रासारखी चालते आणि वीज तारेत परत जाते. यामुळे सुमारे तीस टक्के वीज वाचते.

आता शहराच्या वाढीकडे वळू. शिक्षक बंधू-भगिनींनी हा भाग वर्गात जरूर करून पाहावा. फळा आणि खडू एवढेच साहित्य लागते.

फळ्यावर एक वर्तुळ काढा. हे आपले गाव. मध्यभागी बाजार, शाळा, कचेरी. त्रिज्या दोन किलोमीटर. शेवटच्या घरातला माणूसही अर्ध्या तासात चालत बाजारात पोचतो. आता समजा, लोकसंख्या चौपट झाली आणि घरे पूर्वीइतकीच दाट बांधली. क्षेत्रफळ चौपट झाले म्हणजे त्रिज्या दुप्पट झाली. तेव्हा प्रत्येकाची बाजाराची वाट सरासरीने दुप्पट लांबली. माणसे चौपट, प्रत्येकाची वाट दुप्पट. म्हणजे गावाची एकूण पायपीट आठपट झाली. लोकसंख्या चौपट आणि प्रवास आठपट, हे मुलांना आधी खरे वाटत नाही. वर्तुळे काढून दाखवली की पटते.

आता दुसरी पायरी. नवी वस्ती पूर्वीसारखी दाट होत नाही. शेते बिनशेती होतात, सुटे सुटे प्लॉट पडतात, निम्मे रिकामेच राहतात. साऱ्या गावाची दाटी निम्म्यावर आली असे धरा. मग क्षेत्रफळ आठपट झाले, त्रिज्या पावणेतीन पटीहून किंचित अधिक, आणि एकूण प्रवास अकरापटीच्या वर गेला.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. वाट लांबली की माणूस वाहन बदलतो. दोन किलोमीटर तो चालतो, पाच किलोमीटर सायकल मारतो, त्यापलीकडे यंत्र शोधतो. पहिल्याच, म्हणजे आठपटीच्या हिशेबात चालणाऱ्याचे ५० काढून मोटारसायकलचे १६० घाला. आठ गुणिले सव्वातीनच्या आसपास, म्हणजे पंचवीसपटीहून अधिक! लोकसंख्या चौपट झाली आणि वाहतुकीला लागणारी शक्ती पंचवीसपट. हा हिशेब थोडा कडक आहे, हे मी कबूल करतो. सगळी माणसे रोज मध्यभागी जात नाहीत, आणि गाव वाढले की नवे चौक, नवी दुकानेही निघतात. पण दिशा हीच. इंधन माणसांच्या संख्येने वाढत नाही. अंतराने आणि वाहनाने वाढते.

कागदावरचा हा हिशेब मुंबईत प्रत्यक्ष घडला आहे. तिथली वाहतूक टप्प्याटप्प्याने वाढली. १८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. १९२६ साली बस आली. ट्राम १९६४ साली बंद झाली, पण तोवर शहर रुळांच्या कडेकडेने लांबत गेले होते. हे एका परीने शहराचे भाग्यच होते. वस्ती रेल्वेच्या दोरीत ओवली गेली आणि स्टेशनापर्यंत चालत जाता आले. म्हणून आजही लक्षावधी माणसे लोकलने जातात आणि इतक्या मोठ्या शहरात माणशी इंधन त्या मानाने कमी लागते.

पण या काटकसरीला दुसरी बाजू आहे, ती झाकून ठेवू नये. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. गर्दीने शक्ती वाचते. पण गर्दीला मर्यादा नसली तर माणूस वाचत नाही. वाहन भरलेले असावे, म्हणजे दारातून लोंबकळलेले असावे असा अर्थ नव्हे.

माझे एक मामा लालबागच्या चाळीत राहत. गिरणीचा भोंगा झाला की जिना उतरून दहा मिनिटांत ते खात्यात हजर असत. त्यांच्या वाहतुकीला लागणारी शक्ती म्हणजे मामीने दिलेली भाकरी. गिरणी, चाळ, बाजार, दवाखाना, भजनीमंडळ, सारे पायाखाली. जानेवारी १९८२ मध्ये गिरणीकामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि पुढे त्या जमिनींवर कचेऱ्या, दुकाने, उंच इमारती उभ्या राहिल्या. मामांनी खोली विकली आणि बदलापूरला दोन खोल्या घेतल्या. आता गंमत पाहा, खरे तर गंमत नाहीच. त्यांचा मुलगा आज परळलाच नोकरी करतो, जिथे एके काळी गिरणीची आवारे होती तिथल्या एका कचेरीत. बाप जिथे दहा मिनिटांत चालत जायचा, तिथे मुलगा एका बाजूने सुमारे साठ किलोमीटर लोकलने जातो. काम परळातच राहिले, माणूस तेवढा दूर गेला. गावातली आणि शहरातली जमीन कोणाला परवडते, यावर माणसाची वाट किती लांब हे ठरते. ही गोष्ट इंजिनाच्या कारखान्यात सुटणारी नाही.

पुण्याची कहाणी वेगळी. पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. मी शिकायला होतो तेव्हा आमच्या वसतिगृहाच्या दारात सायकलींची रांग असे. मग शहर चहूबाजूंनी पसरले. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची वस्ती ३१ लाखांवर आणि शेजारच्या पिंपरी-चिंचवडची १७ लाखांवर गेली. २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावे पुण्याच्या हद्दीत घेतली गेली. मुंबईला जशी रुळांची दोरी होती तशी पुण्याच्या बहुतेक दिशांना नव्हती. वस्ती आधी झाली, बस मागून आली, तीही अपुरी. मधल्या काळात घराघरात दुचाकी आली. मेट्रो सुरू झाली ती मार्च २०२२ मध्ये. एकदा घरात दोन-दोन गाड्या आल्या की माणसाला त्यांवरून उतरवणे अवघड जाते. म्हणून क्रम महत्त्वाचा असतो: आधी वाहतूक, मग वस्ती.

हा क्रम नवी मुंबईत आखलेला होता. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर वसवायचे ठरले. प्रत्येक उपनगर स्टेशनाभोवती, असा आराखडा. कामे आणि घरे जवळजवळ, म्हणजे मुंबईला रोज धावायला नको. कल्पना उत्तम होती. पण वाशीपर्यंत रेल्वे पोचायला १९९२ साल उजाडले. मधली वीस-बावीस वर्षे लोकांनी बसवर काढली. नकाशावरची रेघ लोखंडाची व्हायला उशीर झाला, तर त्याची किंमत रहिवाशांनाच मोजावी लागते.

परदेशातही हा अभ्यास झाला आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थचे पीटर न्यूमन आणि जेफ्री केनवर्दी यांनी १९८९ साली जगातल्या ३२ शहरांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांना आढळले की अमेरिकेतल्या पसरट शहरांत माणशी पेट्रोलचा खप युरोपातल्या शहरांच्या सुमारे चौपट आणि टोकिओ, सिंगापूर, हाँगकाँग अशा आशियाई शहरांच्या सुमारे दहापट होता. टीकाकारांनी म्हटले की केवळ दाटीने हे होत नाही. पेट्रोलचा भाव आणि लोकांची मिळकत यांचाही वाटा आहे. त्यात तथ्य आहे. पण भाव आज वाढतो, उद्या उतरतो. रस्ता आणि घर एकदा बांधले की शंभर वर्षे हलत नाही.

कोणी म्हणेल, आता विजेच्या गाड्या आल्या आहेत, मग कशाला काळजी? १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर पहिली एसटी धावली. २०२२ साली त्याच तारखेला, त्याच मार्गावर एसटीची विजेची बस सुरू झाली. आनंदाचीच गोष्ट आहे. विजेची मोटर इंजिनापेक्षा कमी शक्ती वाया घालवते, धूर सोडत नाही, आणि आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलाचा शंभरातला ८५हून अधिक वाटा बाहेरून येतो, तो भारही हलका होईल. पण वीजसुद्धा कुठून तरी येते. आजही देशातल्या विजेचा मोठा भाग कोळशाचा आहे. आणि पाण्याची वीज म्हणाल, तर मुळशी आठवा. मुंबईला वीज हवी म्हणून मुळशी खोऱ्यातली शेते धरणाखाली जाणार होती, तेव्हा १९२१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात पुढे होते. धरण झालेच, आणि १९२७ साली भिऱ्याच्या वीजघरातून वीज निघाली. शहराच्या दिव्याखाली कोणाची तरी भातखाचरे बुडालेली असतात. म्हणून वीज आहे ना, मग वाटेल तितके धावा, असे म्हणता येत नाही. वाहन बदलल्याने एका किलोमीटरचा खर्च कमी होतो; किलोमीटर कमी होत नाहीत.

“हे सारे पुण्या-मुंबईचे झाले, आमच्या गावाला याचे काय?” असे तुम्ही मनात म्हणत असाल. तर ऐका. २०११ साली महाराष्ट्रातली शंभरातली ४५ माणसे शहरांत राहत होती. १९६१ साली ती २८ होती. ही वाढ केवळ मुंबईत सामावलेली नाही. तुमच्या तालुक्याचे गाव, हमरस्त्यावरचा तुमचा फाटा, एमआयडीसीजवळची तुमची वाडी, हीच उद्याची शहरे आहेत. मुंबईचे रूळ आता उचलून दुसरीकडे टाकता येत नाहीत. तुमच्या गावाचे वर्तुळ मात्र अजून पुरते आखले गेलेले नाही. नवी शाळा गावठाणाजवळ होणार की दोन किलोमीटर दूर माळावर? दवाखाना एसटीच्या वाटेवर की आडबाजूला? नवे प्लॉट जुन्या वस्तीला लागून की शेतांच्या मध्ये तुकड्या-तुकड्याने? शाळेच्या वाटेला सावली आणि पायी चालायला कडेची जागा ठेवली आहे का? हे प्रश्न ग्रामसभेत येतात, आणि बहुधा कोणी बोलत नाही. जागा फुकट मिळते आहे, एवढेच पाहिले जाते. पुढच्या वेळी तुम्ही उठून एवढेच विचारा: “तिथं जायला रोज किती माणसांना किती किलोमीटर पडतील?” उत्तराचा गुणाकार तिथल्या तिथे करून दाखवा. फुकटची जागा किती महाग आहे ते सर्वांना दिसेल.

शिक्षकांना एक विनंती. आपल्या शाळेतली मुले किती अंतरावरून, कशाने येतात याची एक यादी वर्गाकडून करून घ्या. वर सांगितलेले आकडे घेऊन शाळेचा एका दिवसाचा हिशेब मांडा. गणित होईल, भूगोल होईल आणि नागरिकशास्त्रही होईल.

आमच्या मुलांनी हेच केले. सगळी गावे, अंतरे आणि लिटर मांडून त्यांनी एक कागद तयार केला आणि सकाळची फेरी स्टँडवर न थांबवता कॉलेजच्या फाटकापर्यंत न्यावी, असा अर्ज आगारात दिला. तीन हेलपाटे झाले. अखेर सकाळची एक फेरी येऊ लागली. संध्याकाळची अजून मिळालेली नाही. अर्ज चालूच आहे. पण फाटकातल्या गाड्यांच्या दोन रांगा कमी झाल्या आहेत. तो अठरा किलोमीटरवाला मुलगा आता बहुतेक दिवस एसटीने येतो. परवा व्हरांड्यात भेटला तेव्हा मी विचारले, “काय रे, म्हैस काय म्हणते?” तो म्हणाला, “आता दोन्ही घरासाठीच, सर.”